मोट, मोटर आणि सूर्य : पाण्याचा लगाम कोणाच्या हाती?

महाराष्ट्रातील सिंचनाचा इतिहास सहसा धरणांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणत्या साली कोणते धरण झाले, किती हेक्टर भिजले, किती गावे उठली, असा त्याचा क्रम असतो. तो आवश्यकच आहे. पण त्यात एक धागा सुटून जातो. पाणी उचलायला, वाहून न्यायला शक्ती लागते. ही शक्ती कोठून आली आणि तिचा हिशेब कोणी ठेवला, याचा इतिहास पाण्याच्या इतिहासाइतकाच महत्त्वाचा आहे. गेली काही वर्षे मी खानदेशातील फड, पुरंदरची पाणी पंचायत, नगर जिल्ह्यातील वीज सहकार आणि आताचे सौरपंप हे विषय स्वतंत्रपणे अभ्यासत होतो. ते शेजारी शेजारी मांडल्यावर मला जे दिसले, ते या लेखात सांगायचे आहे. थोडक्यात सांगायचे तर, शक्ती जसजशी स्वस्त होत गेली, तसतसा पाण्यावरचा निसर्गाचा लगाम सुटत गेला. तो लगाम जेथे माणसांनी एकत्र येऊन स्वतःच्या हाती घेतला, तेथे पाणी टिकले. जेथे घेतला नाही, तेथे धरण, वीज आणि संस्था सारे काही असूनही शेवटी हाती कोरडी विहीर आणि थकबाकीची नोटीस आली.

फड : उताराच्या शक्तीवर चालणारा कायदा

‘फड’ हा शब्द आपल्याला तमाशाचा, कुस्तीचा, फार तर उसाचा म्हणून माहीत असतो. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांतील पांझरा, मोसम, आराम या नद्यांच्या काठी त्याला आणखी एक अर्थ आहे. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला कालवा, कालव्यावरच्या चाऱ्या, जादा पाणी परत नदीत सोडणारा सांडवा आणि या सगळ्याखाली भिजणारे शेतजमिनीचे मोठे तुकडे. या तुकड्यांना फड म्हणतात. ही पद्धत किमान ३०० वर्षे जुनी मानली जाते. पाणी उताराने वाहते, त्यामुळे ते शेतापर्यंत आणायला बैल लागत नाही, इंजिन लागत नाही.

पण शक्ती फुकट असली तरी पाणी बेहिशेबी नव्हते, आणि फडपद्धतीचे मर्म येथेच आहे. लाभक्षेत्राचे साधारणपणे तीन किंवा चार फड पाडलेले असत. एका फडात एकच पीक. कोणत्या वर्षी कोणत्या फडात ऊस, कोणत्यात हंगामी पीक आणि कोणता फड कोरडा ठेवायचा, हे शेतकऱ्यांचे पंच नदीच्या पाण्याचा अंदाज घेऊन ठरवीत. कालव्याची देखभाल आणि पाण्याची फिरवाफिरव पाटकऱ्याकडे, पिकाची राखण जागल्याकडे. हंगामापूर्वी कालव्याचा गाळ काढायला घरटी माणूस जाई.

यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट नियमावलीत नव्हती, ती जमिनीच्या वाटणीतच होती. प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा शक्यतो प्रत्येक फडात असे. त्यामुळे पाणी कमी पडले आणि एक फड कोरडा ठेवावा लागला, तर तोटा एकट्याचा होत नसे, सगळ्यांना थोडा थोडा होई. कालव्याच्या तोंडाशी जमीन असलेला माणूस आणि शेपटाकडचा माणूस हे दोन वेगळे पक्ष तयारच होत नसत, कारण तोच माणूस दोन्हीकडे असे. तुटवड्याची वाटणी आधीच करून ठेवणारी अशी व्यवस्था मला सिंचनाच्या इतिहासात फार थोड्या ठिकाणी आढळली आहे.

फडाचे गोडवे गाताना एक गोष्ट मात्र विसरू नये. ज्याला जमीन नाही, त्याला या वाटणीत जागा नव्हती. कालव्यावर राबणारा भूमिहीन पाण्याचा वाटेकरी कधीच झाला नाही. या त्रुटीला उत्तर मिळायला पुढे १९७२चा दुष्काळ यावा लागला.

सरकारी कालवा आणि मालकी

इंग्रजी अमलात पाण्याच्या मालकीचे गणित बदलले. १८७९चा मुंबई पाटबंधारे कायदा आला. पाणी सरकारचे, शेतकऱ्याने अर्ज करायचा, अधिकाऱ्याने मंजुरी द्यायची आणि पाणीपट्टी भरायची, ही चौकट त्याने पक्की केली. महात्मा फुले यांनी १८८३मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये या खात्यावर कोरडे ओढले आहेत. पट्टी वसूल करायला खाते तत्पर, पण पीक वाळत असताना पाणी पोचले की नाही याची त्याला फिकीर नाही, हा त्यांच्या टीकेचा रोख होता. सव्वाशे-दीडशे वर्षांनंतरही कालव्याच्या टेलवरचा शेतकरी हेच बोलतो.

येथे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा उल्लेख करायला हवा. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात ते १८८४मध्ये दाखल झाले आणि सुरुवातीच्या काळात खानदेशात त्यांनी काम केले. पुढे पुण्यात असताना नीरा कालव्यासाठी त्यांनी ‘ब्लॉक पद्धत’ सुचवली. लाभक्षेत्राचे गट पाडायचे, गटात पिकांची फेरपालट ठरवून द्यायची आणि पाणी त्या हिशेबाने सोडायचे. या पद्धतीचे फडाशी असलेले साम्य कोणाच्याही नजरेत भरेल. फरक इतकाच की फडात निर्णय पंचांचा होता आणि ब्लॉकमध्ये तो खात्याचा झाला. आराखडा तसाच, पण तो चालवणारे हात बदलले. माझ्या मते पुढच्या शंभर वर्षांच्या सिंचनाचे दुखणे या फरकात आहे.

मोटेचा लगाम आणि मोटरची मोकळीक

कालव्याबाहेरच्या महाराष्ट्रात, म्हणजे बहुतांश महाराष्ट्रात, शेतीचे पाणी विहिरीचे होते आणि ते मोटेने निघे. मोटेची गती बैलांच्या पायांची गती असते. बैल दमले की मोट थांबे, विहीर खोल गेली की धाव लांबवावी लागे, आणि एका मर्यादेनंतर पाणी ओढणे परवडतच नसे. रात्री विहिरीत पाझर साठे. कोणताही कायदा नसताना भूजलाचा उपसा मर्यादेत राहिला, त्याचे श्रेय बैलांच्या थकण्याला द्यावे लागेल.

प्रथम तेलाचे इंजिन आले, मग विजेची मोटर आली. बैलजोडीची ताकद साधारण एक अश्वशक्ती धरली, तर पाच अश्वशक्तीची मोटर म्हणजे कधीच न दमणाऱ्या पाच बैलजोड्या. शेतकऱ्याच्या आणि विशेषतः मोटेमागे उन्हात आयुष्य घालवणाऱ्या पोरांच्या दृष्टीने ही मोठीच सुटका होती. मोटेच्या काळाबद्दल हळवे होण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच होता की बैल जो लगाम नकळत घालत होते, तो आता कोण घालणार?

विजेचा दर हा लगाम होऊ शकला असता. एक साधा हिशेब मांडून पाहू. पंपाची एकूण कार्यक्षमता ४० टक्के धरली, तर एक युनिट विजेत १० मीटर खोलीवरून साधारण १४,५०० लिटर पाणी वर येते. तेच पाणी १०० मीटरवरून काढायचे असेल, तर एका युनिटात जेमतेम १,४५० लिटर हाती लागते. म्हणजे मीटरप्रमाणे बिल येत असेल, तर खोली वाढताच शेतकऱ्याला ते खिशात जाणवते. पण १९७०च्या दशकाच्या अखेरीस शेतीपंपांना अश्वशक्तीवर आधारलेला सरसकट दर लागू झाला. महिना-वर्षाचे पैसे ठरलेले, मग पंप तासभर चालवा की रात्रभर. खोलीची किंमत शेतकऱ्याच्या बिलातून निघून गेली आणि वीजमंडळाच्या तोट्यात जमा झाली. २००४मध्ये मोफत विजेची घोषणा झाली, पुढच्याच वर्षी ती मागे घेतली गेली. २०२४मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पुन्हा मोफत वीज आली. शेतकऱ्याच्या अडचणी खऱ्या आहेत, शेतमालाच्या भावाचे दुखणे खरे आहे. त्यावर उतारा म्हणून वीज फुकट देणे राजकीयदृष्ट्या समजण्यासारखेही आहे. मात्र त्याची किंमत जमिनीखालचे पाणी मोजते, आणि त्याला मत नसते.

विजेचा सहकार : मुळा-प्रवराची कहाणी

साखरेत सहकार चालला, दुधात चालला, मग विजेत का चालू नये, असा प्रश्न १९६०च्या दशकात पडणे स्वाभाविक होते. १९६९मध्ये केंद्र सरकारने ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन केले आणि अमेरिकेतील ग्रामीण वीज सहकारी संस्थांच्या धर्तीवर देशात पाच प्रायोगिक संस्था उभ्या राहिल्या. कर्नाटकात हुक्केरी, तेव्हाच्या आंध्रात सिरसिल्ला, गुजरातेत कोडिनार, उत्तर प्रदेशात लखनौ आणि महाराष्ट्रात मुळा-प्रवरा. नगर जिल्ह्यातील राहुरी-श्रीरामपूरचा हा पट्टा. आशियातील पहिल्या सहकारी साखर कारखान्यांपैकी एक विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी याच प्रवरेच्या काठी उभा केला होता. सहकाराला याहून कसदार जमीन मिळणे कठीण.

संस्थेने गावोगाव वीज नेली, शेतीपंप जोडले, हे तिचे काम नाकारता येणार नाही. पण ती वीज निर्माण करीत नव्हती, घाऊक विकत घेऊन सभासदांना देत होती. घाऊक दर तिच्या हाती नव्हता. शेतीपंपांचा भार मोठा, त्यांचा दर सवलतीचा आणि ही सवलत राज्याच्या धोरणाने ठरलेली. वरून घेतलेल्या विजेची थकबाकी वर्षानुवर्षे फुगत हजार कोटींच्या पुढे गेली. ३१ जानेवारी २०११ रोजी परवान्याची मुदत संपली आणि दुसऱ्या दिवसापासून वितरण राज्याच्या वीज कंपनीकडे गेले.

या शेवटाची चर्चा आपल्याकडे बहुधा राजकारणाच्या अंगाने झाली. मला त्यातून निघणारा संस्थात्मक धडा महत्त्वाचा वाटतो. हुक्केरी आणि सिरसिल्ला येथील संस्था आजही काम करीत आहेत. तेव्हा विजेत सहकार चालतच नाही, असे म्हणता येत नाही. मुळा-प्रवरात सभासद होते, निवडणुका होत्या, सर्वसाधारण सभा होती. मात्र सभासद विहिरीतून किती पाणी काढतो याच्याशी संस्थेचा संबंध नव्हता, आणि तो किती वीज वापरतो याचा संबंध त्याने भरायच्या पैशांशी पुरेसा उरला नव्हता. पाणी एका खात्यात, वीज दुसऱ्या वहीत आणि सवलत मंत्रालयात. ज्या वस्तूचा दर, माप आणि मर्यादा यांपैकी काहीच सभासदांच्या हाती नाही, त्या वस्तूची सहकारी संस्था फक्त वाटपाची खिडकी उरते.

लगाम हाती घेणारी गावे

याच काळात महाराष्ट्रात वेगळे प्रयोगही झाले. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावात पाणी पंचायतीचे काम सुरू केले. त्यांचे नियम आजही धाडसी वाटतात. पाण्याचा हक्क जमिनीला नाही, माणसाला. दरडोई अर्धा एकर भिजेल इतके पाणी आणि कुटुंबाला कमाल अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. ऊस वर्ज्य. योजनेच्या खर्चाचा २० टक्के वाटा लाभधारकांनी स्वतः उचलायचा. फडाने जो माणूस वाटणीबाहेर ठेवला होता, त्याला पाणी पंचायतीने आत घेतले. या योजनांपैकी बऱ्याच उपसा सिंचनाच्या होत्या, म्हणजे वीज लागणाऱ्या होत्या. तरीही मोटर किती चालणार हे माणशी ठरलेल्या पाण्याने ठरत होते.

दुसरे उदाहरण दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाचे. कालव्याच्या टेलवर ओझर परिसर. पाणी तेथवर पोचतच नसे. बापूसाहेब उपाध्ये यांच्या समाज परिवर्तन केंद्राने १९९०च्या सुमारास तेथे तीन पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पाणी घनमीटरने मोजून घ्यायचे, सभासदांत वाटायचे, पट्टी संस्थेनेच गोळा करायची. ओढ्यांवरच्या बंधाऱ्यांत कालव्याचे पाणी सोडून विहिरी भरून घेण्याची युक्तीही त्यांनी वापरली; म्हणजे कालवा आणि विहीर हे दोन वेगळे हिशेब त्यांनी एका वहीत आणले. पुढे साऱ्या प्रकल्पावर २४ संस्था झाल्या आणि व्यवस्थापन त्यांच्या एकत्रित संस्थेकडे आले. २००५मध्ये राज्याने शेतकऱ्यांनी सिंचन व्यवस्थापन करण्याचा कायदा केला, त्याच्या पाठीशी वाघाडचा अनुभव होता.

तिसरे नाव हिवरे बाजारचे. तेथे दर वर्षी पावसाचे आणि विहिरींतील पाण्याचे माप घेऊन गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि त्यावरून पिके ठरतात. शेतीसाठी बोअर घेण्यास गावाने स्वतःच बंदी घातली.

या तीन गावांचा भूगोल वेगळा, पाण्याचा स्रोत वेगळा, नेतृत्वाची जातकुळीही वेगळी. पण तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. पाणी किती आहे हे सर्वांसमोर मोजले गेले आणि किती वापरायचे हे वापरणाऱ्यांनी मिळून आधी ठरवले. विजेच्या दराने किंवा बैलांच्या थकण्याने जे होत असे, ते येथे गावाच्या ठरावाने झाले.

आता सूर्य

हा इतिहास आज आठवण्याचे कारण शेतात दिसू लागलेल्या निळ्या पाट्या. २०१७मध्ये राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. २०२३मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. गावाजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या वाहिनीला दिवसा वीज द्यायची, ही तिची कल्पना. २०१९मध्ये केंद्राची कुसुम योजना आली आणि २०२४मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’. सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याने किमतीचा १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के वाटा भरला, की पंप त्याचा. रात्री-अपरात्री पाणी धरायला जाणे, सापाविंचवाची भीती, बिबट्याची भीती यांतून शेतकरी सुटतो. बिल नाही, डिझेल नाही, धूर नाही. हा लाभ लहान नाही आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे.

पण मघाचा हिशेब पुन्हा समोर ठेवा. १०० मीटरवरून पाणी काढायला दहापट शक्ती लागते, हे पदार्थविज्ञान सूर्य बदलत नाही. बदलते ती शक्तीची किंमत, आणि ती पाटी बसल्यावर शून्य होते. मोट दमत होती, डिझेल संपत होते, वीज निदान भारनियमनाने तरी जात होती. स्वच्छ आकाशाच्या आठ महिन्यांत सौरपंप यांपैकी काहीच करीत नाही. आपल्या पायाखाली बहुतेक ठिकाणी काळा पाषाण आहे. त्याच्या भेगांत आणि मुरमाच्या थरात पाणी थोडेच मावते आणि एकाच्या बोअरने शेजाऱ्याची विहीर आटते, हे कोणत्याही गावात विचारल्यास कळेल. भूजलाचा २००९चा कायदा आहे. पण शेतोशेती उपसा मोजायला सरकारकडे माणसे कोठून येणार?

या कोड्याची एक उकल गुजरातेत दिसली. खेडा जिल्ह्यातील ढुंडी या गावात २०१६मध्ये सौरपंपधारक शेतकऱ्यांनी सहकारी मंडळी स्थापन केली. सुरुवातीला सभासद फक्त सहा. त्यांचे पंप एका जाळ्यात जोडून ते वीज कंपनीच्या वाहिनीला जोडले. पंप बंद असताना तयार होणारी वीज कंपनी युनिटला ४ रुपये ६३ पैसे दराने मंडळीकडून विकत घेऊ लागली, करार २५ वर्षांचा. बदल्यात सभासदांनी सवलतीच्या वीजजोडणीचा हक्क तेवढ्या काळासाठी सोडला. आंतरराष्ट्रीय जलव्यवस्थापन संस्थेचे तुषार शाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रयोगाला वैचारिक आणि आर्थिक पाठबळ दिले.

यातली युक्ती सोपी आहे. ऊन विकता येऊ लागले की पाण्याला किंमत येते. शेतात गरज नसताना पंप चालवला, तर तासागणिक इतके रुपये बुडाले, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. सरसकट दराने घालवलेला लगाम येथे परत आला आणि तो शिक्षा म्हणून आला नाही, कमाई म्हणून आला. शिवाय सहा जणांची वीज एका मीटरवर विकायची, पैसे वाटायचे, बिघाड सोडवायचे, तर मंडळी हवीच. सहकार येथे वरून लादलेला नाही, तो कामाची गरज आहे.

ढुंडीचे अनुकरण जसेच्या तसे महाराष्ट्रात करून भागणार नाही, असे मला वाटते. खेड्याचा गाळाचा प्रदेश आणि आपला दगडी प्रदेश यांत फरक आहे. तेथे विजेची किंमत पुरेशी ठरू शकते. येथे उसाला किंवा द्राक्षाला भाव चांगला मिळाला, तर शेतकरी युनिटचे चार रुपये सोडून पाणीच काढेल. म्हणून आपल्याकडे विजेच्या मंडळीला पाण्याच्या ताळेबंदाची जोड हवी. सौर कृषी वाहिनी योजनेत जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळतात. ते भाडे जमीनमालकाचे. वाहिनीवर पंप चालवणाऱ्या बाकीच्या शेतकऱ्यांचा त्या प्रकल्पात वाटा नाही आणि पाणी वाचवल्याचा मोबदलाही नाही. याच वाहिनीवरच्या शेतकऱ्यांची संस्था करून तिला न वापरलेल्या विजेचा परतावा दिला आणि अट घातली की परतावा गावाच्या पाण्याच्या ताळेबंदाप्रमाणे वाटला जाईल, तर वाघाडची वही आणि ढुंडीचा मीटर एकत्र येतील. परताव्यातला काही भाग दरडोई वाटला, तर नायगावचा भूमिहीनही त्या वहीत येईल. यासाठी नवे तंत्र शोधावे लागणार नाही. तिन्ही गोष्टी आपल्याच परिसरात कोणी ना कोणी करून दाखवलेल्या आहेत.

अडचण वेगळीच आहे. धरण बांधण्याचे उद्‌घाटन होते, पंप देण्याचे होते; वही ठेवण्याचे होत नाही. योजनेत पंपांची संख्या मोजली जाते, त्या पंपांनी वर्षभरात विहिरींची पातळी किती खाली नेली याचा रकाना नसतो. हा रकाना गावानेच भरायला हवा, आणि पंप बसून उपसा सुरू होण्यापूर्वी भरायला हवा. पांझरेच्या काठी वरच्या अंगाला धरणे झाली, काठच्या विहिरींवर पंप बसले आणि फडांच्या कालव्यांत पाणी येईनासे झाले, तेव्हा नदीच्या पाण्याची वाटणी जाणणारे पंच गावात होते. पण विहिरीतल्या पाण्यावर त्यांचा अधिकार नव्हता, म्हणून ते काही करू शकले नाहीत. सौरपंप ज्या वेगाने येत आहेत ते पाहता, असे पंच आणि तो अधिकार या दोन्ही गोष्टी उभ्या करायला आपल्या हाती फार वर्षे नाहीत.